चेन उडतेय? आधी दाते मोजा, मग पाकीट उघडा

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. दहातल्या निम्म्या गिअरच्या सायकली 'एमटीबी' असतात आणि त्यातल्या बऱ्याच सेकंडहँड. सीनिअर पास आउट होतो, सायकल ज्युनिअरला जाते, तो पुढे तिसऱ्याला विकतो. तिसऱ्या मालकापर्यंत येता येता सीट फाटलेलं असतं, ते दिसतं. पण पॅडलजवळच्या दातेरी चकतीकडे कुणी बघत नाही. मग एखाद्या चढावर तुम्ही पॅडलवर उभे राहून जोर लावता, चेन 'कट्ट' करून उडते आणि गुडघा थेट हँडलवर आपटतो. सिग्नल सुटल्यावर मागे बस असताना असं झालं तर प्रकरण गुडघ्यावर थांबत नाही.

या चकतीला दुकानात चेनव्हील म्हणतात, गिअरच्या सायकलवाले चेनरिंग. दुकानात गेलात की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, 'पूर्ण सेट बदलावा लागेल.' कधी ते खरं असतं, कधी नसतं. फरक ओळखता आला तर महिन्याच्या मेसचे पैसे वाचू शकतात.

सगळ्यात आधी, दोष नक्की चकतीचाच आहे का ते बघा. चेन उडायला लागली की संशय पुढच्या चकतीवर जातो, पण बऱ्याचदा खरा गुन्हेगार मागचं फ्रीव्हील असतं. हिशोब साधा आहे. मागच्या छोट्या चक्राला १४ दाते, पुढच्या मोठ्या चकतीला ४२. तेवढाच ताण मागे कमी दातांवर येतो, म्हणून ते लवकर झिजतात. नवी चेन टाकल्यावर ठरावीक एकाच मागच्या गिअरवर ती उडत असेल तर फ्रीव्हील बघा. मागचा गिअर कोणताही असो, पुढे मधली चकती असली की उडते? मग चकती गेली. आणखी एक खूण आहे. घासलेली चकती कधी कधी चेन खालून सोडतच नाही, वर ओढत नेते आणि फ्रेममध्ये अडकवते. चिखलात हे जास्त होतं.

डोळ्यांनीही कळतं. नव्या दाताच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. झिजलेला दात एका बाजूला झुकतो, शार्कच्या पंखासारखा. तीन चकत्यांची सायकल असेल तर मधली आधी बघा, रोजचं काम तीच करते.

आता चेन मोजा. शिंप्याची कापडी टेप नको, स्टीलची घ्या. चेनच्या एका पिनच्या मध्यावर टेपची १ इंचाची खूण ठेवा आणि १३ इंचांवर बघा. नव्या चेनमध्ये तिथे बरोबर पिनचा मध्य येतो, कारण दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ आली. १/८ इंच पुढे गेली असेल तर त्या चेनने बहुधा फ्रीव्हील आणि चकतीचे दातही खाल्लेत. चेन वेळेवर बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, पण सेकंडहँड सायकलवाल्यांना हे सांगायला उशीर झालेला असतो!

तर चकतीच बदलायची आहे असं ठरलं. सायकल भिंतीला टेकवा आणि चकत्या कशाने जोडल्यात ते बघा. बजेटमधल्या बहुतेक एमटीबींवर, म्हणजे शिमानो टूर्नीसारख्या क्रँकवर, ४२-३४-२४ दातांच्या तिन्ही चकत्या रिबिट मारून पक्क्या केलेल्या असतात. त्या सुट्या निघतच नाहीत. इथे दुकानदार काका खरं बोलतायत, सेटच घ्या. आणि यात रडण्यासारखं काही नाही, कारण असा साधा स्टीलचा पूर्ण सेट अनेकदा चांगल्या कंपनीच्या एका ॲल्युमिनियम चकतीपेक्षा स्वस्त पडतो. स्टील जड असतं, पण जास्त टिकतं. रोज कॉलेजला जाणाऱ्याला काही ग्रॅमचं काय पडलंय?

फक्त जुना क्रँक ज्या चौकोनी दांड्यावर बसतो, त्या दांड्याच्या लांबीला नवा सेट जुळला पाहिजे. म्हणून शक्यतो त्याच मॉडेलचा घ्या. क्रँक काढताना हातोडी मारू देऊ नका. त्यासाठी पुलर असतो, ज्याच्याकडे आहे अशाच मेकॅनिककडे जा. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, हे घरी प्रयोग करणाऱ्यांसाठी.

बोल्टने जोडलेल्या चकत्या असतील तर तुम्ही नशीबवान. हवी ती एकच चकती बदलता येते. पण दुकानात जाऊन 'एमटीबीची चकती द्या' म्हणालात तर काहीही हातात येईल. आधी बोल्ट मोजा. चार असतील तर शेजारच्या दोन बोल्टच्या मध्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या आणि १.४१४ ने गुणा. साधारण ७३.५ आलं तर गुणाकार १०४. चार बोल्टच्या एमटीबीवर मोठ्या आणि मधल्या चकतीचं हे खूप चालणारं माप आहे. सगळ्यात छोटीचं ६४ असतं. पाच बोल्ट असतील तर हे गणित चालत नाही, जुनी चकती काढून सोबतच न्या. खरं तर चारवाल्यांनीही न्या. दाते किती, चकती मधली की बाहेरची आणि मागे किती गिअर, हे तिन्ही कागदावर लिहून घ्या. दातांची संख्या तीच ठेवा, नाहीतर पुढचा गिअर बदलणारा डिरेलर पुन्हा सेट करावा लागतो.

साध्या सायकलचं चेनव्हील स्वस्तात मिळतं, ते बसवू का? नाही. त्याचे दाते १/८ इंची चेनसाठी जाड केलेले असतात आणि सहा ते आठ गिअरची चेन आतून ३/३२ इंच असते. दात चेनमध्ये शिरणारच नाही.

हल्ली 'वन-बाय' करण्याची टूम आहे. पुढच्या दोन चकत्या काढायच्या आणि एकच, जाड-बारीक दातांची ठेवायची. स्रॅमने २०१२ मध्ये ही दातांची पद्धत आणली, आता तशा स्वस्त चकत्या ऑनलाइन भरपूर मिळतात. दिसायला भारी! पण पुण्यात राहत असाल तर आधी सिंहगडाचा चढ आठवा. मागे १४-२८ चं फ्रीव्हील आहे असं धरा. २४ च्या चकतीवर पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक ०.८६ फेरे फिरतं, ३२ च्या चकतीवर १.१४. म्हणजे त्याच चढावर प्रत्येक फेऱ्याला एक तृतीयांश जास्त जोर. सपाट रस्त्यावर कॉलेज-हॉस्टेल करणाऱ्यांना चालेल. गडावर जाणाऱ्यांनी मागे मोठं फ्रीव्हील घेतल्याशिवाय हा नाद करू नये, आणि ते घेतलं की स्वस्ताईचा मुद्दाच संपला.

भंगारातला पर्याय मात्र कमी लेखू नका. फ्रेम तुटलेल्या सायकलचा क्रँक अगदी ठीक असू शकतो. घेताना चौकोनी भोक गोलसर झालंय का आणि पॅडलचे आटे शाबूत आहेत का, एवढं बोट फिरवून बघा. दोन्ही बाजूंचे दांडे एकाच सेटचे घ्या, नाहीतर एक १७० आणि एक १७५ मिलिमीटरचा यायचा.

जुनी चकती उलटी फिरवून बसवण्याचा जुगाडही तुम्ही ऐकला असेल. एकाच चकतीच्या सायकलवर तो चालतो, कारण दाताची न झिजलेली बाजू कामाला लागते. तीन चकत्यांच्या सेटवर मात्र चेन चढवणाऱ्या खाचा आणि पिना चुकीच्या बाजूला जातात, गिअर नीट पडत नाहीत. परीक्षेपर्यंत ढकलायचं असेल तर ठीक.

आणि काहीही बदला, नवी चेन त्याच दिवशी टाका. नव्या दातांवर जुनी ताणलेली चेन चढवली तर पुढच्या पावसाळ्यात तुम्ही परत त्याच काउंटरवर उभे असाल.