खुबा मोडल्यानंतरचे सहा महिने

म्हातारपणी मनगट मोडतं, मणका दबतो, खांदा निखळतो. पण खुब्याचं हाड मोडणं या सगळ्यांपेक्षा वेगळं असतं. जगभरचा अनुभव असा की, खुबा मोडलेल्या दर शंभर वृद्धांपैकी वीस ते तीस जण वर्षभरात दगावतात. जगतात त्यांच्यातलेही अनेक जण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. यातले बहुतेक मृत्यू हाडामुळे होत नाहीत. न्यूमोनिया, हृदयविकार, पाठीच्या जखमांतून पसरलेला संसर्ग, पायात धरलेली रक्ताची गुठळी ही त्यांची खरी कारणं. हाड सांधण्याची विद्या आपल्याकडे उत्तम आहे. कमी पडतं ते त्यानंतरचं सगळं.

शस्त्रक्रियेचं गणित तसं सरळ आहे. मांडीच्या हाडाच्या मानेशी मोड झाली आणि तुकडे सरकले, तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो. हाड जुळण्याची आशा कमी, म्हणून वृद्धांमध्ये बहुधा ‘बॉल बदलतात’. मोड त्याखाली असेल तर आत रॉड घालतात. दोन्हींचा हेतू एकच, दुसऱ्या दिवशी पायावर भार देता यावा. तरीही घरोघरी पहिला प्रश्न असतो, ‘या वयात कशाला चिरफाड? शुगर आहे, बीपी आहे, हार्टचा त्रास आहे.’ हे आजार आहेत म्हणून तर झोपवून ठेवणं परवडत नाही. वजन लावून सहा-आठ आठवडे खाटेवर ठेवण्याच्या जुन्या उपायात निरोगी म्हातारासुद्धा खचायचा.

अंथरुणाची किंमत किती, ते २००७ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. साठीच्या पुढच्या धडधाकट लोकांना फक्त दहा दिवस पलंगावर ठेवलं, तर त्यांच्या पायांमधले जवळजवळ एक किलो स्नायू गेले. त्यांना ना आजार होता, ना दुखापत. मग मधुमेहाने आधीच पोखरलेल्या, शस्त्रक्रियेतून उठलेल्या आजींचं काय होत असेल?

म्हातारा रुग्ण उठू शकतो, हे ब्रिटनमध्ये आधी एका डॉक्टर बाईने दाखवून दिलं. १९३५ मध्ये मार्जरी वॉरन यांच्याकडे लंडनजवळच्या एका जुन्या गरीबगृहाच्या (वर्कहाउस) इस्पितळातले सातशेहून अधिक रुग्ण आले. वर्षानुवर्षं खाटेवर टाकलेली ही माणसं होती. वॉरन यांनी एकेकाला तपासलं, वॉर्डात उजेड आणला, कठडे लावले, लोकांना चालतं केलं आणि अनेकांना घरी पाठवलं. पुढे हेस्टिंग्ज गावात मायकेल डेव्हास या अस्थिशल्यविशारदाने वृद्धांच्या डॉक्टरांबरोबर एकाच वॉर्डात काम सुरू केलं. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये खुब्याच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. २०१० पासून ३६ तासांच्या आत शस्त्रक्रिया आणि वृद्धांच्या डॉक्टरांची तपासणी, अशा अटी पाळणाऱ्या रुग्णालयाला जादा पैसे मिळू लागले. महिनाभरातल्या मृत्यूंचं प्रमाण २००७ मध्ये सुमारे ११ टक्के होतं, ते २०११ पर्यंत साडेआठवर आलं.

मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. सत्तरीपुढच्या ३९७ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या अस्थिरोग वॉर्डात ठेवलं, निम्म्यांना वृद्धांच्या वॉर्डात. शस्त्रक्रिया तीच. वृद्धांच्या वॉर्डात औषधं, खाणं, दुखणं, झोप, चालणं आणि घरी जाण्याची तयारी हे सगळं एकत्र पाहिलं जाई. चार महिन्यांनी तिथले रुग्ण अधिक चांगले चालत होते.

जुने आजार वाट अडवतात, पण त्यातही मार्ग असतो. क्लोपिडोग्रेलची गोळी चालू आहे, एवढ्याच कारणासाठी शस्त्रक्रिया लांबवू नये, असं ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या सूचना सांगतात. कंपवाताच्या गोळ्यांची वेळ चुकली तर माणूस लाकडासारखा ताठरतो. त्या उपाशीपोटीच्या गडबडीतही चुकू देऊ नयेत. शस्त्रक्रियेच्या ताणाने शुगर चढते, इन्सुलिन वाढवतात. घरी आल्यावर जेवण निम्मं होतं, पण डोस तोच राहतो आणि पहाटे शुगर उतरते. दुसऱ्यांदा पडण्याचं हे एक नेहमीचं कारण.

रात्री आजोबा बरळू लागले, सलाईन उपसू लागले, की घरचे हादरतात. हा भ्रम शस्त्रक्रियेनंतर वारंवार होतो आणि बराचसा टाळता येतो. शेरॉन इनूये यांनी येल विद्यापीठात १९९९ मध्ये दाखवलेले उपाय अगदी साधे होते. चष्मा आणि कानाचं यंत्र लावणं, पाणी पाजणं, रात्री झोपू देणं, दिवसा बोलतं ठेवणं, उठवून चालवणं. भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं. आपल्याकडे चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र ‘हरवेल’ म्हणून दाखल होतानाच घरी पाठवतात. ही पद्धत बंद व्हायला हवी.

खरी कसोटी घरी लागते. उठवण्याची एक रीत असते. आधी कुशीवर, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसवायचं, चक्कर नाही ना ते विचारायचं, मग वॉकर समोर धरून उभं करायचं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्याला या दोन-तीन मिनिटांवर सगळं अवलंबून असतं. मधुमेहात अनेकदा पायाची संवेदना गेलेली असते, त्यामुळे टाच गादीला घासून काळी पडली तरी कळत नाही. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी राहील असं करावं आणि रोज ती डोळ्यांनी पाहावी. खाण्याचं आपण अजून वेगळंच करतो. आजाऱ्याला मऊ भात, पेज, साबुदाण्याची खीर. स्नायू परत यायला डाळ, अंडी, दूध, पनीर, मासे लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

हे करायचं कोणी? ब्युरोची मावशी, फिजिओची रोजची फी, कमोडची खुर्ची, आणि बहुतेक घरांत नोकरी सोडून बसलेली सून किंवा लेक. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतमध्ये ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यात घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. चालणं परत यायला लागतात महिने. रॉडला पैसे आहेत, चालायला शिकवणाऱ्याला नाहीत. ही व्यवस्थेची चूक आहे, आणि ती जिल्हा रुग्णालयापासून सुधारायला हवी.

शेवटची गोष्ट डिस्चार्ज कार्डाची. एक खुबा मोडला म्हणजे दुसरा मोडण्याचा धोका वाढलाच, तरी हाडांचा ठिसूळपणा रोखणारं औषध बहुतेक कार्डांवर नसतं. २००७ मधल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत झोलेड्रोनिक आम्लाचं वर्षातून एकदा इंजेक्शन दिलेल्यांमध्ये नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. आधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासावं लागतं. त्याच वेळी, पुन्हा पडणं टळावं म्हणून, झोपेची गोळी चालू ठेवायची का, रात्रीची प्रोस्टेटची गोळी बदलता येईल का, हेही डॉक्टरांना विचारावं आणि उत्तर कार्डावर लिहून घ्यावं.