दस्त्याचे तेलपाणी

बंदुकीच्या लाकडी दस्त्याला तेलाने पुन्हा झिलई आणण्याच्या कामाला बंगळुरूत सणाचे निमित्त आहे. कर्नाटकातल्याच कोडगूतून येऊन शहरात स्थायिक झालेली कोडव कुटुंबे सप्टेंबरच्या आरंभी कैलपोळ्दु साजरा करतात. खंडेनवमीसारखीच ही शस्त्रपूजा. बंदूक पुसून तिला गंध लावतात आणि नळीच्या तोंडात कळलावीचे फूल खोचतात. 1861 मध्ये म्हैसूर व कोडगूचे कमिशनर मार्क कबन यांनी या समाजाला शस्त्रबंदीच्या कायद्यातून सूट दिली. त्यांचा कारभार बंगळुरूतूनच चाले; तिथला कबन पार्क त्यांच्याच नावाचा. केंद्र सरकारने 2019 मध्ये ही सूट 2029 पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ती वैध ठरवली. त्यामुळे आजोबांची बंदूक नातवाकडे येते, आणि तिचा काळवंडलेला दस्ताही.

चांगला दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो. अक्रोड वजनाच्या मानाने चिवट, धक्का सोसणारा आणि आकार न सोडणारा. त्यावर जवसाचे तेल लावतात, कारण ते हवेत नुसते वाळत नाही, घट्ट होते. त्यातील स्निग्धाम्लांपैकी निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते. ते ऑक्सिजन शोषून घेते, रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि तेलाचे लवचिक घन होते. म्हणूनच वाळताना या तेलाचे वजन कमी न होता वाढते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल असे घट्ट होत नाही. त्याने दस्ता चिकट होतो. कच्च्या जवस तेलाला पुरते वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. रंगाच्या दुकानातल्या बेलतेलात, म्हणजे उकळलेल्या जवस तेलात, वाळवणारे द्रव्य घातलेले असते, म्हणून ते दिवसभरात धरते.

काम सुरू करण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून दस्ता धातूपासून वेगळा करतात. सर्वांत जास्त नुकसान होते ते इथून पुढे, पॉलिश पेपरच्या अतिउत्साहाने. लाकूड घासून धातूच्या पातळीखाली गेले की ते भरून काढता येत नाही. कारखान्याचे ठसे पुसले जातात, पकडीवरची चौकड्यांची नक्षी बोथट होते. शक्यतो जुने पॉलिश द्रावकाने मऊ करून चिंधीने काढावे आणि नक्षी दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करावी. पोचे तासून काढायची गरज नसते. पोच्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटलेले असतील तर मात्र वाफेचा उपयोग नाही.

दस्त्याच्या मनगटाजवळचा, म्हणजे पकडीच्या निमुळत्या भागाजवळचा, काळा, तेलकट भाग वेगळ्या कारणाने झालेला असतो. नळी वर करून ठेवलेल्या बंदुकीतले यंत्रतेल वर्षानुवर्षे खाली झिरपते आणि तिथले लाकूड मऊ करते. दर बाराला मागे येणारा धातू त्याच जागी आदळतो, म्हणून तडे तिथेच पडतात. द्रावकात कालवलेल्या खडूच्या पुडीचा लेप देऊन वाळू दिला की ते तेल बरेचसे ओढले जाते.

तेल बोटांनी किंवा तळव्याने, अगदी पातळ लावावे. काही मिनिटांनी वर राहिलेले सगळे पुसून टाकावे. आधीचा हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. असे अनेक हात लागतात. बाहेरून दिसत नाहीत त्या जागा, म्हणजे धातू बसायच्या खाचा आणि खांद्याकडच्या पट्टीखालचे उघडे टोक, अजिबात सोडू नयेत, कारण लाकूड ओल पिते ते मुख्यतः कापलेल्या टोकातून. सणाच्या आदल्या आठवड्यात हे काम काढणे चुकीचेच. त्या दिवसांत हवा दमट असते, तेल लवकर वाळत नाही आणि लाकूड आधीच फुगलेले असते. बंगळुरूत फेब्रुवारी-मार्चचे कोरडे दिवस यासाठी उत्तम.

तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना होणारी उष्णता त्यांत कोंडली तर त्या आपोआप पेटतात. त्या पाण्यात भिजवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

तेलाची झिलई पाणी पूर्ण अडवत नाही. त्या बाबतीत व्हार्निश सरस आहे. पण व्हार्निशवर ओरखडा उठला की सारा थर काढावा लागतो, तेलाला तेवढ्याच जागी पुन्हा एक हात पुरतो. पिढ्यान्‌पिढ्या वापरायच्या वस्तूला म्हणून तेलच योग्य. पुढे वर्षातून एकदा पातळ हात द्यावा, यंत्रतेल फक्त धातूला लावावे आणि बंदूक नळी खाली करून ठेवावी.