फिजिओथेरपीचं शिक्षण : रुग्णाचा मान आणि विद्यार्थ्यांना समान संधी



बारावी सायन्सचा निकाल लागला की लोणार, सुलतानपूर, मेहकर भागातले बरेच पालक विचारतात, "सर, एमबीबीएसला नंबर लागत नाही, पोरीला फिजिओथेरपीला टाकू का?" मग फी किती, हॉस्टेल आहे का, नोकरी लागते का, याची चौकशी होते. पण तिथे मुलांना रुग्णांसोबत कसं शिकवतात, हे सहसा कोणी विचारत नाही. चांगला फिजिओथेरपिस्ट तर तिथेच घडतो. म्हणून आज याच विषयाची माहिती घेऊ या.

फिजिओथेरपी म्हणजे काय?

लकवा झालेल्या माणसाला पुन्हा चालायला शिकवणं, हाड जुळल्यावर आखडलेला सांधा मोकळा करणं, सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाळाला मान धरायला आणि बसायला मदत करणं, ही सगळी फिजिओथेरपीची कामं. मराठीत याला भौतिकोपचार म्हणतात. ही नुसती मालिश नव्हे. स्नायू, सांधे, मज्जातंतू यांचा पक्का अभ्यास त्याला लागतो.

या शिक्षणाची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी मुंबईत अशा मुलांसाठी काम सुरू केलं, त्यातून १९४७ मध्ये संस्था उभी राहिली. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली.

शिकायचं कोणाच्या शरीरावर?

पुस्तक वाचून सांधा हलवता येत नाही, हात लावावाच लागतो. म्हणजे कोणाला तरी आपलं शरीर शिकणाऱ्यापुढे करावं लागतं. हे कोण करतं? बहुतेक वेळा जनरल वॉर्डातला गरीब रुग्ण. स्पेशल रूममधल्या रुग्णाला विचारून आत जायचं आणि जनरल वॉर्डातल्या आजीभोवती न विचारता दहा जणांनी उभं राहायचं, हा अन्याय आहे. आजी "नको" म्हणत नाही, कारण तिला वाटतं, नाही म्हटलं तर उपचार बंद होतील. तिचं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे.

एक साधं उदाहरण घ्या. दुखऱ्या गुडघ्याची तपासणी शिकायची आहे. आठ विद्यार्थ्यांनी एकामागून एक तोच गुडघा वाकवला तर आठही जणांचा सराव होईल, पण रुग्णाची रात्र तळमळत जाईल. जाणता शिक्षक आधी मुलांचा सराव एकमेकांवर करून घेतो. मग रुग्णाला विचारून स्वतः करून दाखवतो आणि एक-दोघांनाच आपल्या देखत करू देतो. बाकीच्यांची पाळी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या रुग्णाजवळ.

चार नियम लक्षात ठेवा

१. ओळख आणि परवानगी : "आजी, मी अजून शिकतेय, आमच्या मॅडम सोबत आहेत. तपासू का? नाही म्हणालात तरी उपचार चालूच राहतील." हे रुग्णाच्या बोलीत सांगायचं.

२. आडपडदा : लागेल तेवढाच भाग उघडा करायचा. स्त्री रुग्णाला पुरुष तपासत असेल तर दुसरी स्त्री हजर हवी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेतही हे आहे.

३. मोबाईल खिशात : रुग्णाचा फोटो किंवा चालण्याचा व्हिडिओ विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकायचा नाही.

४. विद्यार्थ्याचाही मान : एकमेकांवर सराव करताना एखाद्या मुलीला किंवा मुलाला संकोच वाटला तर दुसरी सोय करावी. त्यासाठी गुण कापू नयेत.

समान संधी म्हणजे काय?

एकाला लकव्याचे, लहान मुलांचे रुग्ण मिळतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला फक्त शेक देणं आणि रजिस्टर लिहिणं येतं, असं होऊ नये. कोणाची पाळी कुठे, याचा तक्ता भिंतीवर लागला पाहिजे. गुण कशाचे आहेत, हे आधीच सांगितलं पाहिजे. चूक झाली तर रुग्णासमोर पाणउतारा न करता बाजूला घेऊन समजवावं.

भाषेचा प्रश्नही मोठा आहे. मराठी माध्यमातून गेलेलं आपलं पोर इंग्रजीत केस सांगताना अडखळतं आणि "कच्चं" ठरतं. पण "कंबर धरली", "पायाला मुंग्या येतात" असं आजोबा म्हणतात तेव्हा त्यांचं दुखणं त्यालाच आधी कळतं. इंग्रजी शिकवावी जरूर, पण रुग्णाशी बोलण्याच्या या कौशल्यालाही गुण हवेत.

सल्लाही रुग्णाच्या घराला साजेसा हवा. निंदणीला जाणाऱ्या बाईला "महिनाभर वाकू नका" म्हटलं तर तिची मजुरी कोण देणार? काम कसं बदलून करायचं, मध्ये कंबर कशी मोकळी करायची, खाली बसून उठताना आधार कसा घ्यायचा, हे दाखवलं तर ती करेल. गावाकडून दर आठवड्याला दवाखान्यात येणं अनेकांना जमत नाही. त्यांना घरी करता येतील असे दोन-तीनच व्यायाम नीट शिकवावेत. विद्यार्थ्याला हा विचार करायला लावणं हाही शिक्षणाचाच भाग आहे.

आपण काय करू शकतो?

पालकांनी प्रवेशाआधी कॉलेजला विचारावं : रोज किती रुग्ण येतात? एका शिक्षकामागे वॉर्डात किती विद्यार्थी असतात? सगळ्या विभागांत पाळी मिळते का? तक्रार कोणाकडे करायची?

शिक्षकांनी शाळेतल्या तपासणी शिबिरात लक्ष ठेवावं. शिकाऊ विद्यार्थी येणार असतील तर पालकांना आधी कळवा. दिव्यांग मुलाला सगळ्या वर्गासमोर चालून दाखवायला लावू नका, वेगळी खोली द्या. आणि लहान असलं तरी त्या मुलालाही विचारा, "ताई तुझा पाय बघणार आहे, चालेल का?" वर्गातली बाकीची मुलंही हे ऐकत असतात. त्यांच्यातलंच कोणी उद्या फिजिओथेरपिस्ट होणार आहे. विचारून हात लावायचा, ही सवय शाळेतच लागली तर कॉलेजात नव्याने शिकवावी लागणार नाही.