तांब्याच्या पेल्यातले ‘मॉस्कोचे खेचर’

‘मॉस्को म्यूल’, म्हणजे मॉस्कोचे खेचर, या नावाचे एक मद्यपेय जगभर माहीत आहे. नाव मॉस्कोचे, जन्म मात्र अमेरिकेतला, १९४१ च्या सुमाराचा. त्यातली दारू ती व्होडका. रशियन भाषेत ‘वोदा’ म्हणजे पाणी, त्यावरून हा शब्द आला. आपले ‘उदक’ त्याच कुळातले, बरं का!

त्या काळी अमेरिकन माणूस व्हिस्की पिणारा. व्होडकेला विचारतो कोण? ह्यूब्लाइन कंपनीच्या जॉन मार्टिन यांनी १९३९ साली स्मिर्नॉफ व्होडकेचे हक्क १४,००० डॉलरना घेतले खरे, पण माल उठेना. इकडे लॉस एंजेलिसमध्ये ‘कॉक अँड बुल’ हे मद्यगृह चालवणारे जॅक मॉर्गन यांच्याकडे जिंजर बीअर, म्हणजे आल्याचे फसफसते गोड पाणी, पडून होते. दोघांची गाठ पडली आणि दोन न खपणाऱ्या जिनसांचे एक खपणारे पेय झाले, असे सांगतात. कोठार रिकामे करताना तिथल्या नोकराने ते प्रथम केले, अशीही एक कथा आहे.

कृती सोपी. तांब्याच्या पेल्यात बर्फ घालायचा. त्यावर ४५ मिलिलिटर व्होडका, १० मिलिलिटर लिंबाचा रस आणि १२० मिलिलिटर जिंजर बीअर ओतून हलकेच ढवळायचे. तांब्यातून उष्णता चटकन वाहते, म्हणून पेला लगेच हाताला गार लागतो.

पण लिंबू आणि तांबे यांचे जमते का? घरातली म्हातारी माणसे सांगत आली, की ताक, चिंच, लोणचे बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नये. आंबटाने तांबे विरघळते, अन्नात उतरते. मग मळमळ, उलटी, पोटदुखी. हेच अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या मद्यविभागाने २०१७ साली याच पेयाबाबत बजावले. ज्याचा सामू ६ पेक्षा कमी, असा पदार्थ तांब्याला लागू नये, असा तिथला दंडक आहे. म्हणून अशा पुष्कळ पेल्यांना आतून निकेल किंवा पोलादाचा थर असतो. आपला कल्हईवाला नवसागर लावून कथलाचा थर देतो, तो याचसाठी.

शिक्षकांनी मुलांना काळवंडलेला तांब्या लिंबाने घासून दाखवावा. तो लखलखतो, कारण वरचा थर लिंबाने विरघळवलेला असतो. तोच थर पोटात जाऊ नये, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. आले-लिंबाचे सरबत मात्र व्होडकेवाचूनही झकास लागते. ते काचेच्या पेल्यात प्यावे.