ठिपक्याची दुरुस्ती

दुरुस्तीसाठी आलेला टीव्ही जाणता कारागीर लगोलग उघडीत नाही. तो आधी त्यावर क्रमाने पांढरा, काळा, तांबडा, हिरवा आणि निळा असे पाच एकरंगी पडदे आणतो, खोलीतला दिवा मालवितो, आणि शेतकऱ्याने तासामागून तास धरीत नांगर चालवावा तशी आपली दृष्टी या काठापासून त्या काठापर्यंत फिरवितो. काळ्या पडद्यावर जो ठिपका पेटलेलाच राहतो तो एका जातीचा दोष, पांढऱ्यावर जो काळाच राहतो तो दुसऱ्या जातीचा, आणि एखाद्या रंगापाशी अडकून बसलेला तो तिसऱ्या जातीचा. ही पारख झाल्यावाचून पेचकसाला हात घालणे म्हणजे नाडी न पाहता मात्रा उगाळणे होय.

भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी माणसाची वस्ती असलेल्या या रायपूर शहराला पडद्यांच्या निगराणीची ओळख पुष्कळ जुनी आहे. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात उपग्रहाद्वारे खेड्यांना शिक्षण देण्याचा जो प्रयोग भारताने केला, आणि जो ‘साइट’ या नावाने प्रसिद्ध आहे, त्यासाठी सहा राज्यांतील वीस जिल्ह्यांमधून 2,400 गावे निवडण्यात आली होती. तत्कालीन मध्य प्रदेशातील रायपूर, दुर्ग व बिलासपूर हे जिल्हे त्यांत होते. अमेरिकेचा उपग्रह वर्षापुरता उसना, हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बांधलेले संच, आणि छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी तबकडी, असा तो सरंजाम होता. त्या प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस होते, ही गोष्ट इकडच्या मराठी मंडळींनी अभिमानाने सांगावी अशी आहे. परंतु मला त्या प्रयोगात सर्वांत मोठे वाटते ते हे, की ज्या गावी पावसाळ्यात बैलगाडीही कष्टाने पोहोचे तेथे संच नुसता पोहोचवून भागणार नाही, तो चालू ठेवणारा माणूसही पोहोचला पाहिजे, हा विचार योजनेच्या मुळापासूनच केला गेला होता.

त्या काळच्या काचनळीच्या पडद्यावर बिघाड झाला की बहुधा सगळे चित्रच थरथरे, आकसे किंवा विझे. एका बिंदूचा म्हणून वेगळा असा आजार नव्हता. आजच्या द्रवस्फटिकाच्या पडद्याची गोष्ट निराळी. दोन काचांमध्ये केसाहूनही पातळ असा द्रवस्फटिकाचा थर, आडव्या 1,920 आणि उभ्या 1,080 स्थानांची जाळी, आणि प्रत्येक स्थानी तांबडा, हिरवा व निळा असे तीन उपबिंदू, म्हणजे एकूण 62,20,800 उपबिंदू, आणि त्या प्रत्येकाच्या दाराशी एकेक सूक्ष्म ट्रान्झिस्टर बसविलेला. आडवी तार ‘गेट’ची, उभी तार ‘सोर्स’ची, आणि दोहोंच्या छेदावर त्या उपबिंदूचा पत्ता. छत्तीसगडातील पटवारी ज्याप्रमाणे खसरा क्रमांकावरून शेताचा तुकडा नेमका दाखवितो, त्याप्रमाणे येथे दोषालाही निश्चित ठिकाण मिळाले आहे. एक ट्रान्झिस्टर मेला तर एक ठिपका जातो. सोर्सची तार तुटली तर तुटीपलीकडचे सारे ठिपके एकदम पोरके होतात आणि पडद्यावर उभी रेष उमटते.

ज्या कारखान्यात पडदा जन्मतो तेथे या दोषांवर लेसरचा उपचार होतो. तुटलेल्या तारेसाठी काचेच्या कडेने एक राखीव तार आधीच फिरविलेली असते. लेसरने ती दोन्ही टोकांशी सांधली, की संदेश वळसा घालून उलट्या बाजूने पोहोचतो. सतत पेटलेल्या उपबिंदूवरचा उपाय मात्र विचार करायला लावणारा आहे: त्याची जोडणी लेसरने अशी बदलतात की तो कायमचा काळा व्हावा. अंधाऱ्या दृश्यात एक पेटलेला कण दुरून खुपतो, उजळ दृश्यातला काळा कण सहसा दिसतही नाही. तेव्हा डोळ्याला सुख देणे हाच दुरुस्तीचा अर्थ ठरला. 2001 सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाने तर दोषांची रीतसर मुभाच ठरवून दिली होती: दुसऱ्या वर्गाच्या पडद्यात दर दहा लाख ठिपक्यांमागे दोन कायम उजळ, दोन कायम काळे आणि पाच सदोष उपबिंदू चालतील.

बाजारातल्या कारागिरापाशी तो लेसर क्वचितच असतो, आणि त्याचे खरे कसब काचेच्या कडेशी आहे. काच आणि विद्युत्फलक यांना जोडणाऱ्या, पोटात चिप बाळगणाऱ्या लवचिक पट्टीला तो ‘सीओएफ’ म्हणतो. ही पट्टी काचेला डाखलेली नसते. सूक्ष्म वाहक कण मिसळलेल्या एका चिकट फितीने ती उष्णता व दाब देऊन बसविलेली असते. उष्णतेने आणि दमटपणाने ही बैठक ढिली झाली की रेषा उमटू लागतात. मग जुनी पट्टी सोडवायची, काचेवरचा जुना चिकटा पुसायचा, नवी फीत लावायची, सूक्ष्मदर्शकाखाली तारेवर तार जुळवायची आणि ‘बाँडिंग मशीन’चे तापलेले पाते काही सेकंद दाबून धरायचे. ते वाहक कण काही मायक्रॉनांचे असतात. उरला-सिलतऱ्याच्या लोखंडी कारखान्यांची काजळी वाऱ्यावर असलेल्या या शहरात धुळीचा एक कण त्यांच्याहून कित्येक पटींनी मोठा ठरतो, आणि म्हणून मे महिन्याच्या उकाड्यातही हे काम करताना पंखा बंद ठेवावा लागतो.

अडकलेल्या ठिपक्यासाठी रंगांची भराभर उघडझाप करणे किंवा मऊ कापडाने हलका दाब देणे हे घरगुती उपाय लोक करतात. त्यांनी कधी गुण येतो, कधी आलेला गुण टिकत नाही, आणि दाब चुकला तर शेजारचे ठिपकेही दुखावतात. मेलेल्या ठिपक्यावर तर यांतले काहीच लागू पडत नाही.

माझ्या घरच्या टीव्हीवर गेल्या वर्षी उजवीकडे एक हिरवी रेष आणि डावीकडे वरच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका, असे दोन्ही विकार होते. तात्यापाऱ्यातल्या ज्या तरुणाकडे तो नेला, त्याने पाचही पडदे पाहून झाल्यावर सांगितले, ‘‘काका, रेष जाईल. ठिपका जायचा नाही, आणि त्याला हात लावायचे पैसे मी घेणार नाही.’’ गिऱ्हाइकाला आशा दाखवून चार पैसे अधिक घेणे त्याला सहज शक्य होते. तसे न करता आपल्या विद्येची हद्द त्याने स्वतः होऊन सांगितली, याचे मोल मला त्या यंत्राहून अधिक वाटले. चौथ्या दिवशी रेष गेली होती. पावतीवर मजुरीच्या आकड्याखाली त्याने आपल्या हाताने एक ओळ लिहिली होती: डावा वरचा कोपरा, काळा ठिपका एक, होता तसा.