जुन्या मोटारीची नाडी

सोलापूरच्या जैन कुटुंबात 1882 साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांच्या उभारणीत मोलाचा वाटा उचलला. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट 1100 आणि तिचाच पुढचा अवतार असलेली प्रीमियर पद्मिनी रस्त्यावर आली. ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. तरीही आजोबांनी घेतलेली गाडी मोडीत न घालता पुन्हा चालती करावी, अशी अनेकांची इच्छा असते.

अशा जीर्णोद्धारात रंग, गाद्या आणि क्रोम यांवर मुक्तहस्ते खर्च होतो. ऑइलचा दाब दाखवणाऱ्या मीटरकडे आणि त्याच्या नळीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. जुन्या गाड्यांत बहुधा केवळ लाल दिवा असतो आणि तो दाब धोक्याच्या पातळीपर्यंत घसरल्यावरच लागतो. नंदुरबारच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तापलेले ऑइल पातळ होते, झिजलेल्या बेअरिंगमधून लवकर निसटते आणि दाब उतरतो. शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढताना गाडीत घरची मंडळी असावीत आणि तेव्हाच तो दिवा लागावा, म्हणजे वेळ हातची गेली. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर लाल दिवा ही दिवाळे निघाल्याची खबर, तर मीटरचा काटा हा रोजमेळ.

या मीटरचे तत्त्व फ्रेंच अभियंता यूजीन बूर्दों याने 1849 मध्ये मांडले. आत चपटी, वळवलेली नळी असते. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा हलतो. यासाठी इंजिनातील ऑइल प्रत्यक्ष डॅशबोर्डापर्यंत आणावे लागते. म्हणूनच नळी फुटली तर गरम ऑइल चालकाच्या पायांवर सांडते आणि इंजिन कोरडे पडून जाम होण्याची भीती असते.

नळीचा मार्ग आधी सुतळी धरून आखावा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पंखा, ॲक्सिलरेटरचे दांडे आणि स्टिअरिंग यांपासून ती दूर असावी. इंजिन हलते, बॉडी हलत नाही. त्यामुळे सरळ ताणलेली तांब्याची नळी कंपनाने कडक होऊन तडकते. इंजिनाजवळ तिला एक-दोन सैल वेटोळी द्यावीत किंवा तेथे ऑइलसाठीचा लवचिक होज जोडावा. कडक झालेले तांबे तापवून थंड केल्यास पुन्हा मऊ होते. पत्र्यातून नळी नेताना छिद्रात रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार तिला हळूहळू कापते. पुढे ठराविक अंतरावर क्लिपा लावाव्यात.

जोडणीत खरी परीक्षा आट्यांची असते. फियाट घराण्याच्या गाडीचे आटे मेट्रिक, तर बाजारातील मीटरचे बहुधा इंग्रजी पाइपचे. न जुळणारा आटाही दोन फेरे बसतो आणि घट्ट वाटतो; जोर लावल्यास ब्लॉकचा आटाच जातो. म्हणून योग्य अडॅप्टर आणावा, नट प्रथम हाताने फिरवावा आणि मगच पाना लावावा. नळीचे टोक सरळ कापून आतील कीस काढावा. टेफ्लॉन टेपचा तुकडा आत गेल्यास ऑइलची वाट अडते, याचेही भान ठेवावे. टी-जोड वापरून मूळ लाल दिवाही चालू ठेवावा.

शेवटी इंजिन सुरू करून प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवावा. इंजिन पुरते तापल्यावर काट्याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा आणि पहिल्या लांब फेरीनंतर सर्व सांधे पुन्हा तपासावेत. घाटाचा बेत त्यानंतरच आखावा.