सब्र आणि अश्रू

‘सब्र करा,’ असे मूल गमावलेल्या आईबापांना सगळेच सांगतात. रमजान तर सब्राचाच महिना. पण सब्र म्हणजे अश्रू गिळणे नव्हे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचा चिमुकला इब्राहिम गेला तेव्हा तेही रडले, त्या अश्रूंना त्यांनी दयेची खूण म्हटले.

ठाणेकरांनीही हे पाहिले आहे. २००० साली एकनाथ शिंदे यांची दोन मुले, दीपेश आणि शुभदा, सातारा जिल्ह्यातील गावी बोटीच्या दुर्घटनेत गेली. खचलेल्या शिंदे यांना आनंद दिघे यांनी पुन्हा कामाला लावले. तरी २०२२ मध्ये मुख्यमंत्री म्हणून विधानसभेत ही आठवण सांगताना त्यांना रडू आवरले नाही.

अशा घरी इफ्तारी घेऊन जाल, तेव्हा उपदेश नको. गेलेल्या मुलाचे नाव घ्या आणि ऐकत बसा.